आदर्श विद्यार्थिनीची गैरहजेरी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
ता. ८ जुलै १९७५

ती. अण्णांस,
चन्नम्माचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे मी आणि सासूबाई खुशाल आहोत. मोडनिंबकडची खबर कळवत जावी. मागच्या पत्रात तुम्ही म्हशीचं सविस्तर लिहिलंत आणि वहिनींचं लिहायचं राहून गेलं.

माझं तिसरं वर्ष सुरू झालं. या वयात बी. ए. होऊन काय करणार असं तुम्ही पुन्हा विचारलंय, म्हणून पुन्हा लिहिते. दुकानावर कुणी विचारलं तर तुम्हालाही सांगता येईल. हे गेल्यावर मी या मुलींच्या वसतिगृहात सहायिका म्हणून लागले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या अधीक्षिका म्हाळसाबाई येत्या जूनला निवृत्त होतात. संस्थेचं म्हणणं, त्यांच्या जागी पदवीधर बाईच हवी. तोवर मी बी. ए. झाले तर जागा माझी. नाही झाले तर बाहेरून कुणी येईल, आणि सासूबाई आणि मी राहतो त्या दोन खोल्याही तिच्याकडं जातील. म्हणून म्हाळसाबाई सकाळचं माझं काम स्वतः ओढतात आणि मला कॉलेजला पिटाळतात.

कॉलेजात यंदा एक नवीन गोष्ट आहे. विद्यापीठाचं परिपत्रक आलं आणि ‘प्रौढ व उपेक्षित विद्यार्थी साहाय्य केंद्र’ निघालं. आमचे इंग्रजीचे प्रा. निंबर्गीकर त्याचे प्रमुख. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, शिपायालाही अहो म्हणणारे गृहस्थ. त्यांनी मला बोलावून माहिती विचारली. वय विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, मोडनिंब सांगितलं. घरची भाषा कानडी, नवरा हयात नाही, नोकरी करून शिकते. माझ्या प्रत्येक उत्तरागणिक सरांचा चेहरा खुलत गेला. तुम्ही एकट्याच सगळ्या रकान्यांत बसता, असं ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की मलाही माझ्या नशिबाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

दुसरं नाव हाशमचं. हा मिलमध्ये बदलत्या पाळीवर असतो आणि वर्गात शेवटच्या बाकावर डुलक्या घेत ऐकतो. मला अक्का म्हणतो. केंद्राकडून काय मिळणार ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माया आहे तशी राहू द्यावी.

आपली,
चन्नम्मा

—

मोडनिंब
ता. २० जुलै १९७५

चि. चन्नम्मा हीस,
रेवणसिद्धचे अ. आशीर्वाद. म्हैस बरी आहे. तुझी वहिनीही बरी आहे. हा क्रम तुझ्या वहिनीनंच सांगितला, माझ्यावर राग धरू नये.

दुकानावर लोक विचारतात, बहीण कॉलेजात शिकवते का शिकते? समोर पाव्हणा असला तर शिकवते म्हणतो. घरचं माणूस असलं तर खरं सांगतो. तू जागेचं लिहिलंस ते पटलं. ह्या वयात चारचौघांत पुस्तक घेऊन बसणं पटत नाही, पण ते न पटायला आता उशीर झाला.

मात्र त्या केंद्राचं नाव वाचून मला झोंबलं. उपेक्षित म्हणजे कोण गं? आपल्या घरात तुला दूध कमी पडलं होतं का कपडा कमी पडला होता? आई तर मला उपाशी ठेवून तुला भरवायची. खरं बघता त्या रकान्यात माझं नाव पाहिजे. ते लोक काही देत असले तर घे, मागत असले तर आधी मला विचार.

सोमलिंगच्या ट्रकनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी धाडल्या आहेत. सोमलिंग वाटेत डबा उघडतो, तेव्हा कमी भरल्या तर वहिनीला बोल लावू नये. तुझ्या सासूबाईंस नमस्कार. भावावरची माया आटू देऊ नये.

तुझा,
अण्णा

—

सोलापूर
ता. १४ सप्टेंबर १९७५

ती. अण्णांस,
चन्नम्माचा सा. नमस्कार. चटणी पोचली, भाकरीही बहुतेक पोचल्या.

केंद्राचं उद्घाटन झालं. मोठे साहेब यायचे होते, त्यांना ऐन वेळी दौरा लागला, म्हणून अकलूजकडून एका कारखान्याचे उपाध्यक्ष आणले. ते उसाच्या लागणीवर फार चांगलं बोलले. केंद्राची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती, ती रंगवून घेतली आहे. पाटी एवढी मोठी झालीय की दार अर्धंच उघडतं. आत काचेचं टेबल आहे आणि पुस्तकांचं कपाट आहे. कपाटाची किल्ली क्लार्ककडं असते आणि क्लार्क मेहुण्याच्या लग्नाला गेलाय.

केंद्राची वेळ संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळी मी वसतिगृहात पोळ्यांच्या मागे असते आणि हाशम मिलमध्ये नाहीतर झोपेत. मी हे सरांना सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. म्हणाले, प्राध्यापकांना मोकळा वेळ तेवढाच मिळतो. सध्या तिथं एका वकिलांची दोन मुलं नेमानं येतात, कारण खोलीत पंखा आहे.

मला भाषण करावं लागलं. सरांनी लिहून दिलं होतं. त्यात मी चुलीच्या धुरात डोळे पुसत अक्षरं गिरवली असं होतं. मी सांगितलं, सर, वसतिगृहात स्टोव्ह आहे. सर म्हणाले, स्टोव्हनं परिणाम होत नाही. मग मला लाल कागदात बांधलेला इंग्रजी शब्दकोश देऊन फोटो काढला. फोटो झाल्यावर शब्दकोश परत घेतला. पुढच्या समारंभाला लागेल म्हणाले. हाशमला पहिली पाळी होती, त्यामुळं त्याचा ना फोटो निघाला ना त्याचा कोश परत गेला.

हसू नका अण्णा. सर मनानं सोन्यासारखे आहेत. दुसऱ्याचं भलं करायची त्यांना एवढी घाई असते की तो दुसरा समोर उभा आहे हे विसरतात.

सगळ्यांना यथायोग्य. आठवण ठेवावी, रागावू नये.

आपली,
चन्नम्मा

—

मोडनिंब
ता. २ ऑक्टोबर १९७५

चि. चन्नम्मा,
आशीर्वाद. आज कुशल विचारायच्या मनःस्थितीत मी नाही.

येडू न्हाव्यानं पेपर आणला आणि भर दुकानात गिऱ्हाइकांपुढं मोठ्यानं वाचला. तुझा फोटो, त्याखाली छापलंय ‘निराधार विधवेची ज्ञानसाधना’. मी मापाचा डबा हातात घेऊन तसाच उभा. निराधार? मी काय मेलो? दोन पायांवर धडधाकट उभा भाऊ, मोडनिंबला हमरस्त्यावर दुकान, आणि माझी बहीण निराधार? बसप्पा तेल्यानं तर, कधी झालं हे, म्हणून माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी लगेच एस. टी. धरून येणार होतो. तुझ्या वहिनीनं पिशवी हातातून काढून घेतली. ती म्हणाली, तुमी तितं जाऊन आरडाओरडा केला तर दुसऱ्या दिवशी तेबी छापतील की, आनि त्यात तुमचा फोटुबी येनार न्हाय. म्हणून राहिलो.

तुझ्या सरांना सांग, पेपरात दुरुस्ती पाहिजे. बाईंना भाऊ आहे, एवढं छापलं तरी पुरे.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे, तो सणापर्यंत जाईल.

तुझा आधार,
रेवणसिद्ध

—

सोलापूर
ता. १९ डिसेंबर १९७५

ती. अण्णांस,
चन्नम्माचा अनेक नमस्कार. दिवाळीत येऊन गेल्यापासून पत्र झालं नाही, क्षमा असावी.

दुरुस्तीचं मी सरांना सांगितलं. त्यांनी कागद काढून पाहिलं आणि ते चिंतेत पडले. म्हणाले, भाऊ आहे असं छापलं तर निराधारच्या रकान्यातून तुमचं नाव काढावं लागेल, आणि त्या रकान्यात दुसरं कुणीच नाही. तेव्हा अण्णा, यंदापुरते तुम्ही नाही आहात, असं समजावं.

यंदाचं महिला वर्ष आता सरत आलंय, आणि राहिलेले सगळे समारंभ या महिन्यात कोंबलेत. मागणी फार आहे. पंढरपूरला झालं, बार्शीला झालं, अकलूजला दोनदा. सकाळी कॉलेजच्या दारात जीप उभी असते. मी क्लार्कबरोबर जाते, चुलीचा धूर सांगते, कोश घेते, परत देते आणि दुपारी जेवणवेळ टळल्यावर येते. तास बुडतात म्हणून मी सरांकडं तक्रार केली. ते म्हणाले, हे कॉलेजचंच काम आहे, काळजी नको.

अकलूजला एक गोष्ट झाली, ती मनातून जात नाही. सभा सुटल्यावर तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई जवळ आली. तिनं विचारलं, तुमी अब्यास कवा करता? तिला घरी जाऊन तसंच करायचं असणार. मी खरं ते सांगितलं, सध्या करत नाही. ती हसली नाही. मूल या कडेवरून त्या कडेवर घेऊन निघून गेली.

त्या दिवसापासून दुपारी दोनला, मुलींचा जेवणाचा हॉल रिकामा असतो तेव्हा, मी आणि हाशम तिथं बसतो. त्याची पाळी आडवी आली तर मी एकटी. म्हाळसाबाईंनी एक टेबल धुऊन दिलंय. सासूबाई शेजारी ज्वारी निवडत बसतात आणि आम्ही उत्तरं म्हणून दाखवतो. त्यांना समाजशास्त्र कळत नाही, पण माणूस अडखळला की कळतं. साकु, म्हणतात, म्हणजे पुरे, आणि पहिल्यापासून म्हणायला लावतात. हाशम त्यांना प्राचार्यांपेक्षा जास्त भितो.

वहिनींना नमस्कार. त्यांनी तुमची पिशवी काढून घेतली त्याबद्दल निराळा नमस्कार.

आपली (भाऊ असलेली),
चन्नम्मा

—

सोलापूर
ता. १० फेब्रुवारी १९७६

ती. अण्णांस,
सा. नमस्कार. हे पत्र एकट्यानं वाचावं, दुकानात उघडू नये.

मला टर्म मिळाली नाही. फलकावर नावं लागली, ज्यांची हजेरी भरत नाही त्यांना एप्रिलच्या परीक्षेला बसता येणार नाही. त्यात माझं नाव आहे आणि हाशमचं आहे. मी फलकापुढं बराच वेळ उभी होते. एक मुलगी मागून म्हणाली, काकू, सरका जरा, आम्हाला बघू द्या.

प्राचार्यांकडं गेले. त्यांनी चहा मागवला. फार हळहळले. म्हणाले, नियम तो नियम, आणि सध्याच्या आणीबाणीच्या, शिस्तीच्या दिवसांत तर त्याला हात लावता येत नाही. पण बाई, तुमच्यासारख्यांसाठीच आपण साहाय्य केंद्र काढलंय, तिथं अर्ज करा.

मी केंद्रात गेले. निंबर्गीकर सरांचा चेहरा पडला. त्यांनी फायली काढल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या. अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या अर्जाचा विचार करायला एक समिती आहे. ती मे महिन्यात बसते. परीक्षा एप्रिलात आहे असं मी म्हटलं. सर म्हणाले, ते समितीच्या लक्षात आलं नसावं.

पुढं ऐका. याच महिनाअखेर विद्यापीठाचे तिघे जण केंद्र पाहायला येणार आहेत. त्यांच्यापुढं आदर्श विद्यार्थिनी म्हणून मी बोलायचं आहे. भाषण तयार आहे, त्याच्या प्रतीही निघाल्यात. त्यात एक वाक्य आहे, केंद्राच्या साहाय्याने मी येत्या परीक्षेस आत्मविश्वासाने सामोरी जात आहे. हे वाक्य गाळू का असं मी विचारलं. सर खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, प्रती वाटून झाल्या आहेत.

सासूबाईंना अजून सांगितलं नाही. त्या सकाळीच म्हाळसाबाईंना विचारत होत्या, अधीक्षिकेच्या खोलीत ऊन कुठल्या बाजूनं येतं. बहिःस्थ म्हणून बसायचं तर वर्ष जाईल, आणि जागा वर्षभर थांबणार नाही. अण्णा, मी काय करू ते कळवा. या वेळी खरंच विचारते आहे.

आपली,
चन्नम्मा

—

मोडनिंब
ता. १६ फेब्रुवारी १९७६

चि. चन्नम्मा,
आशीर्वाद. पत्र मळ्यात जाऊन वाचलं. दोन घास खाल्ले नाहीत, तुझ्या वहिनीला म्हणालो पोट बिघडलंय.

मी पेपरातल्या एका शब्दावरून केवढा नाचलो होतो. आज खरी वेळ आली तर तुला म्हणतोय की हात जोड. दिवस बरे नाहीत, बाई. परवा आपल्या बिरप्पानं एका साहेबाला भर बाजारात उलट उत्तर दिलं, तर त्याला दिवसभर उन्हात बसवून ठेवला. तू बाईमाणूस, नोकरी संस्थेची. लिहून दिलंय ते वाच, एक शब्द इकडं तिकडं करू नकोस. मग चहापाण्याच्या वेळी प्राचार्यांना बाजूला गाठून विनंती कर. मोठा माणूस चारचौघांत नियम सांगतो, एकटा सापडला तर ऐकून घेतो.

नाहीच झालं तर दोघी इकडं या. दुकानामागची खोली मी आजच झाडून घेतली. तिथं ऊन सकाळचं येतं, असं सासूबाईंना सांग.

धीर सोडू नये. मी आहे.

अण्णा

—

सोलापूर
ता. २ मार्च १९७६

ती. अण्णांस,
चन्नम्माचा शि. सा. नमस्कार. तुमची आज्ञा पाळली. भाषण एक शब्द न बदलता वाचलं, चुलीच्या धुरासकट. ते परीक्षेचं वाक्यही वाचलं.

पण शेवटी आभार मानायचे असतात. ते सरांनी लिहून दिले नव्हते, म्हणून मनाने मानले. मी म्हणाले, केंद्राची मी ऋणी आहे. केंद्राच्या कार्यक्रमांना गेल्यामुळं माझी हजेरी भरली नाही आणि यंदा मला परीक्षेला बसता येत नाही. तेव्हा पुढचं सगळं वर्ष मी मोकळी आहे. केंद्राला भाषणासाठी केव्हाही लागल्यास मी आनंदानं येईन.

लोकांनी सवयीनं टाळ्या सुरू केल्या. मग अर्थ कळेल तशा एकेका रांगेतल्या थांबल्या. मागून हाशमच्या तेवढ्या वाजत राहिल्या. अण्णा, मी फार शूर आहे असं समजू नका. आभार मानताना हातातला कागद उलटा होता, हे खाली बसल्यावर कळलं.

पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, तुम्ही आत्ता काय म्हणालात, परत सांगा. मी परत सांगितलं. प्राचार्य म्हणाले, बाईंचा काही गैरसमज झालाय, आपण चहाला जाऊ. तेव्हा निंबर्गीकर सर उठले. म्हणाले, गैरसमज नाही. यांना कार्यक्रमाला मीच पाठवत होतो, आणि त्याच दिवशी इंग्रजीच्या तासाला यांची गैरहजेरीही मीच मांडत होतो. दोन्ही कामं मी चोख केली. असं म्हणून ते खाली बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजच्या कामामुळं तास बुडाले, म्हणून विशेष बाब धरून माझी टर्म मंजूर झाली. आता सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला फलक लागला त्याच दिवशी कळलं होतं, तू त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा घातलंस.

मात्र हाशमचं तसंच राहिलं. तो कुठल्या समारंभाला नव्हता, तो मिलमध्ये होता. ते काम कॉलेजचं नाही, त्याचं स्वतःचं पोटाचं आहे, म्हणून ती विशेष बाब होत नाही. अण्णा, मी मिरवले म्हणून सुटले आणि तो राबला म्हणून अडकला. हे मला गिळवत नाही.

पत्राची वाट पाहते.

आपली,
चन्नम्मा

—

मोडनिंब
ता. ७ मार्च १९७६

चि. चन्नम्मा हीस,
अनेक आशीर्वाद, आणि वहिनीचे त्याहून जास्त. दुकानात पेढे वाटले. कशाचे ते नीट सांगता येईना, म्हणून म्हैस व्याली असं सांगितलं. आता ती खरंच व्यायला पाहिजे.

तू माझी आज्ञा पाळलीस असं लिहितेस. अशी आज्ञा पाळणारं माणूस मी उभ्या जन्मात बघितलं नाही.

त्या हाशमचं वाईट वाटतं. पण बाई, आता गप राहा. आलेला घास तोंडात घाल. प्राचार्यांना पुन्हा डिवचलंस तर तुझंही परत घेतील. त्याचं वय लहान आहे, पुढच्या वर्षी बसेल. हे लिहिताना मला स्वतःलाच बरं वाटेना, तरी लिहितो, कारण भाऊ तुझा आहे, त्याचा नाही.

अण्णा

—

सोलापूर
ता. २१ मार्च १९७६

ती. अण्णांस,
नमस्कार. या खेपेला तुमची आज्ञा साफ मोडली, आधीच सांगते.

हाशमनं स्वतः मला अडवलं होतं. जाने दो अक्का, म्हणाला, मेरा तो फोटो बी नै निकला. पण त्यानं माझ्याकडून नेलेली पुस्तकं बांधून परत आणून दिली, ते मला बघवलं नाही. सासूबाईंना घेऊन मी निंबर्गीकर सरांच्या घरी गेले.

मी विचारलं, सर, कार्यक्रमांना सतरंज्या आणि माइक कोण वाहायचं? शिपाई, असं सर म्हणाले. मी म्हटलं, हाशम मिलमध्ये नसता तर त्यानं वाहिलं असतं. सर म्हणाले, हो, नक्कीच. एवढं बोलून ते थांबले. त्यांच्या पत्नींनी पोहे आणले, ते सासूबाईंनी एकट्यांनी खाल्ले.

हा माणूस कसा, तर जास्तीचा खडू चुकून खिशात घरी आला तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा. तो उठला, कागद घेतला आणि लिहिलं की हाशमने केंद्राच्या सर्व समारंभांत स्वयंसेवक म्हणून अखंड सेवा केली. पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर सही केली. केंद्र निघाल्यापासून त्यानं एका विद्यार्थ्याला खरोखरीची मदत केली ती ही, आणि ती तेवढी खोटी होती.

प्राचार्यांनी कागद वाचला, सरांकडं पाहिलं आणि विचारलं, अकलूजलाही होता का हा? सर म्हणाले, अकलूजला तर फारच होता. प्राचार्यांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनाही ते प्रकरण मिटायला हवं होतं.

येताना माझ्या मनाला लागून राहिलं की एका सरळ माणसाला मी खोटं बोलायला लावलं. तसं सासूबाईंना म्हटलं. त्या कानडीत म्हणाल्या, त्या मास्तरचं पुण्य नुसतं पडून होतं, आज जरा कामाला लागलं.

आता परीक्षा होईपर्यंत पत्र नाही. हाशम हॉलमध्ये बसून घोकतोय आणि शेजारून साकु साकु चाललंय.

चुकलं असेल तर पोटात घालावं.

आपली,
चन्नम्मा

—

सोलापूर
ता. ११ जुलै १९७६

ती. अण्णांस,
चन्नम्माचा शि. सा. नमस्कार. तार मिळाली असेलच. हाशम सेकंड क्लासात आला. मी पास क्लासात, इंग्रजीत काठावर. ज्या बाईनं जिल्हाभर इंग्रजी शब्दकोश स्वीकारला तिचे इंग्रजीचे गुण पाहून सर गंभीर झाले. जागा मला मिळाली. म्हाळसाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि मग कोपऱ्यात जाऊन रडल्या.

केंद्र मात्र बंद झालं. कॉलेजनं विद्यापीठाला कळवलं की नोंदलेले सर्व उपेक्षित विद्यार्थी उत्तीर्ण झाले. विद्यापीठानं अभिनंदन केलं आणि लिहिलं की आता गरज उरलेली दिसत नाही.

गेल्या सोमवारी दुपारी दोनला निंबर्गीकर सर छत्री घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे. आत यायला संकोचत होते. म्हणाले, संध्याकाळी पाच ते सात मला आता काही काम नाही, पण तुम्हाला दोनची वेळ सोयीची पडते असं ऐकलं होतं. मी इथं इंग्रजी शिकवलं तर चालेल का? मी त्यांना हॉलमध्ये नेलं. तिथं नवऱ्यानं सोडलेली कमरबी आहे, शिवणकाम करून पहिल्या वर्षाला बसणारी. साखर पेठेतली विणकराच्या घरची एक तेलुगू सून आहे. हाशम पाळी सुटली की येतो, आता शिकवायला. सरांनी सवयीनं हजेरीसाठी नावं विचारली. मी म्हटलं, सर, ते नको. ते लाजले आणि खडू घेऊन उभे राहिले.

शिकवतात फार सुंदर. दोन वर्षं त्यांच्या वर्गात बसून मला ते कळलं नव्हतं. मी बसले होते तरी कुठं म्हणा.

सगळ्यांना यथायोग्य. एकदा येऊन नवी खोली बघून जावी.

आपली,
चन्नम्मा

—

मोडनिंब
ता. २४ जुलै १९७६

चि. चन्नम्मा हीस,
रेवणसिद्धचे अ. आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. येडूला वाचू दिलं नाही, मीच वाचलं.

एक काम आहे. आपली धाकटी सून शांतम्मा, गेल्या वैशाखात लग्न होऊन आली ती. माहेरी मॅट्रिक झालेली आहे. परवा जेवायला वाढताना हळूच म्हणाली, मामंजी, आत्याबाई जातात तिथं मलाबी जायचंय. पोरानं मान खाली घातली, म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं असणार. तुझी वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी घास गिळला. न पटण्याजोगं पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही मला नीट बोलता येईना. व्हय म्हणालो.

सोमवारी सकाळच्या एस. टी.नं तिला घेऊन येतो. तुझ्याजवळ राहील, कामाला लागेल, दोनला हॉलमध्ये बसेल. पोरगी गुणी आहे, दिसायला बरी आहे, बोलते बी छान. म्हणूनच तुला आणि तुझ्या सरांना आत्ताच हात जोडून सांगतो, तिला कुठं भाषणाला उभं करू नका. ती शिकायला येतेय.

तुझा,
अण्णा